एकसष्ट नंबरचा वेल

वरच्या मजल्याची किल्ली देताना घरमालक पाण्याची वेळ सांगतात, विजेचं मीटर दाखवतात, फाटक किती वाजता बंद होतं ते बजावतात. आमच्या मालकांनी मला गच्चीच्या कोपऱ्यात नेलं आणि सिमेंटच्या भेगेतून वर आलेल्या वीतभर झुडपाकडे बोट केलं.

"हा बावीस नंबर. याला उपटायचं नाही, याच्यावर फिनाइलचं पाणी टाकायचं नाही. बाकी घर तुमचंच आहे, मॅडम."

मी मान डोलावली. झुडूप कसलं तेही मला कळलं नव्हतं. खाली आले तर मालकांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन उभ्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "बावीस नंबर दाखवला ना? असे अजून पस्तीस-चाळीस आहेत. होते सवय."

मी रेल्वेत नोकरीला. मूळची साताऱ्याची. खात्याची परीक्षा देऊन बढती मिळवली आणि बढतीबरोबर जबलपूरही मिळालं. मदन महलमधल्या त्या घरात मी तीन वर्षं राहिले. आता भुसावळला आहे. पण आजही रस्त्याच्या कडेला कुणी उकिडवं बसलेलं दिसलं, की माझी पावलं थांबतात. बहुतेक वेळा तो मनुष्य स्कूटर दुरुस्त करत असतो. आमचे मालक, म्हणजे काका, मात्र गवत पाहत असायचे.

सदुसष्ट-अडुसष्टचं वय, उंच बांधा, खांद्यात थोडा बाक. गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीने अडकवलेलं एक छोटं, जाड भिंग. आंघोळीला जातानाच काय ते उतरायचं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते छत्तीस वर्षं तपासणीच्या विभागात होते. समोर लोखंडाचा तुकडा यायचा, त्याला केसाएवढा तडा आहे का ते पाहायचं, आणि म्हणायचं 'पास' किंवा 'रिजेक्ट'. हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की काकूंच्या वरणालाही तेच लागू व्हायचे. घराणं किती पिढ्यांपासून इकडे आहे ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी आणि राग आला की दोन्ही एकदम.

हा झाडांचा नाद त्यांना लहानपणापासूनचा नव्हता. तो कसा लागला ते काकूंनी मला सांगितलं.

"रिटायर झाले ना, त्याच्या पुढच्या सोमवारची गोष्ट. पहाटे पाचला उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डबा मागितला. आणि मी पण अशी, भरून दिला! फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे. जायचं कुठं?" काकू हसत सांगत होत्या, पण इथे जरा थांबल्या. "मग पायरीवर बसले. अकरा वाजले तरी उठून नाही राहिले. मला वाटलं, झालं, झटका आला. धावत गेले तर खाली वाकून भिंगातून काहीतरी पाहून राहिले होते. म्हणतात कसे, 'अगं, हे एक फूल नाही. बारात आहे.'"

ती बारात काकांनी मलाही दाखवली. एकदांडी म्हणून एक झाड असतं. झाड कसलं, तणच. रस्त्याकडेला, रुळांच्या बाजूला, कुठेही उगवतं. लांब बारीक दांडा आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पिवळं-पांढरं फूल. लहानपणी गुडघा फुटला की आई त्याचाच पाला चोळून लावायची. हजार वेळा तुडवलेलं ते फूल काकांनी माझ्या डोळ्यासमोर धरलं. भिंगाखाली त्या पिवळ्या बटणात पन्नासएक इवलीइवली फुलं दाटीने उभी होती. प्रत्येकाला पाच पाकळ्यांचं तोंड. बाहेरच्या रांगेतली उघडलेली, आतली अजून मिटलेली, पाळी येण्याची वाट पाहणारी.

"तीस वर्षांची झाले मी," मी म्हटलं, "आणि हे मला माहीतच नव्हतं."

"मला तर साठ लागले," काका म्हणाले. "तुम्ही पास."

त्या दिवसापासून 'मॅडम'ची मी 'बेटा' झाले.

काकांकडे एक लांबलचक रजिस्टर होतं. त्यात झाडांची नावं नव्हती, नंबर होते. नंबर तीन, फाटकाजवळ. नंबर सतरा, नळाखाली. पुढे रोजची नोंद : फूल किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, मुंगी आली का, पान केवढं झालं. पान मोजायला कारखान्यातल्यासारखा व्हर्निअर. नावं का लिहीत नाही असं मी विचारलं, मोबाइलवर फोटो काढला की नाव कळतं असंही सांगितलं. तर म्हणाले, "नाव कळलं की माणूस पाहणं बंद करतो. 'अच्छा, हे ते होय' म्हणतो आणि चालू लागतो. नाव शेवटी."

गल्लीत लाकडी पाट टाकून, डोक्यावर छत्री धरून ते तासन् तास बसायचे. दूधवाला रोज नव्याने विचारायचा, "काय दादा, कछु गिर गओ का?"

"गिरा नहीं भैया," काका मान वर न करता म्हणायचे, "मिल गया."

ज्या झाडावर लक्ष ठेवायचं त्याच्याभोवती खडूने गोल काढून बाजूला नंबर लिहायची त्यांची पद्धत होती, म्हणजे कुणी त्यावर गाडी लावू नये. एकदा ते चार दिवस लग्नाला गेले. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी ते गोल आणि आकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं की कुणीतरी टोटका, म्हणजे करणी, करून राहिलं आहे. काका परत आले तेव्हा प्रत्येक गोलात एक लिंबू आणि हिरवी मिरची ठेवलेली. दहा-बारा माणसं काठावर उभी, आत पाऊल टाकायला कुणी तयार नाही. काका शांतपणे गेले, एक लिंबू उचललं, काकूंच्या हातात दिलं, "सरबताला होईल," म्हणाले, आणि त्या बाईंना गोलाजवळ बोलावलं. त्या येईनात. काकूंनी हात धरून आणलं. बाईंनी भिंगाला डोळा लावला. मग किंचाळल्या, "अरे, इसके अंदर तो और फूल हैं!" पुढे दूधवाल्याची मोटारसायकल त्या गोलाच्या आसपास आली की सगळ्यात आधी याच बाई खिडकीतून ओरडायच्या.

थंडीत जबलपुरात मटाराचा नुसता पूर येतो. घरोघरी दहा-दहा किलो शेंगा सोलायला घेतात. काकूंनी काकांपुढेही टोपली ठेवली. दोन तासांनी पाहतात तर एक शेंग उभी चिरून कागदावर ठेवलेली. काका म्हणाले, "दाणे एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे पाळीपाळीनं लागलेले आहेत. तू पाहिलं होतं कधी?" काकू म्हणाल्या, "मी पाहत बसले असते तर तुम्ही चाळीस वर्षं काय खाल्लं असतं?" काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पॉइंट आहे."

माझ्या कुंडीतल्या फुलांना आमच्याकडे ऑफिस टाइम म्हणतात, तिकडे नौबजिया. उन्हं वर आली की उमलतात. एका रविवारी काकांनी त्या फुलाच्या मधल्या पिवळ्या केसरांना दात कोरायच्या काडीने अगदी हलकं टोचलं. केसर हलले, आणि काडी ज्या बाजूने लागली होती त्याच बाजूला झुकले! मी ओरडलेच. रोज ऑफिसला निघताना ज्या कुंडीला पाणी घालत होते, तिच्यात हे चाललेलं होतं.

"छत्तीस वर्षं मी चूक शोधायचा पगार घेतला," काका म्हणाले. "इथं रोज शोधून राहिलो. सापडतच नाही."

सापडली, ती त्यांची स्वतःची. त्या एकसष्ट नंबरमुळे.

माझ्या मुक्कामाचं दुसरं वर्ष, पावसाळा संपत आलेला. मोरीमागच्या भिंतीवर, सांडपाण्याच्या पन्हळीजवळ एक वेल चढला होता. एका सकाळी मागच्या जिन्यावरून काका धावत वर आले. मी गच्चीतून पाहिलं, खरोखर धावत. "बेटा, खाली ये! हे पाहा!" वेलाच्या हिरव्या दांड्यावर जागोजागी गाठी होत्या. माळेत मणी ओवावेत तशा, काही बोराएवढ्या. पानं कातरलेली, एक एका आकाराचं तर दुसरं भलत्याच. फूल नाही, फळ नाही.

या वेलासाठी काकांनी आपला नियम मोडला आणि नाव शोधायला बसले. जुन्या बाजारातून वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं, एकेक चित्र वेलाशी ताडून पाहिलं. जुळलं नाही. मी मोबाइलवर फोटो काढला तर मोबाइलने तीन वेगवेगळी नावं सांगितली. काकांचे डोळे चमकू लागले. जेवताना मध्येच थांबायचे. शेवटी एकदा हळूच म्हणाले, "कोणी पाहिलेलंच नसेल तर?" काकू पोळी लाटत होत्या. लाटणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

त्यांनी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला पत्र धाडलं, हिंदीत, कारखान्याच्या पद्धतीने, वर विषय आणि खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी. उत्तर येणार नाही अशी माझी खात्री होती. पण तीन आठवड्यांनी एका प्राध्यापिकेचा फोन आला : रविवारी येते.

त्या रविवारी काकांनी कारखान्यातला निरोपाचा कोट घातला. वेलासमोर सुतळी बांधली, 'कृपया हाथ न लगाएँ' अशी पाटी टांगली. काकूंनी पोहे केले, जिलेबी मागवली. गल्लीतली सगळी माणसं मागच्या अंगणात जमली होती, टोटकावाल्या बाई सर्वांत पुढे. प्राध्यापिका आल्या. पस्तिशीच्या, साध्या, बोलायला गोड. त्या वेलाजवळ वाकल्या. एक पान उलटं केलं, एका गाठीवरून बोट फिरवलं. त्या शब्द शोधत होत्या हे मला दिसत होतं.

तेवढ्यात दर रविवारी पनागरहून भाजी घेऊन येणारी अम्मा डोक्यावर टोपली घेऊन फाटकातून आत आली. "काए, इत्ती भीड़ काए की?" माणसांना बाजूला सारत ती पुढे झाली, वेलाकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "अरे बाबूजी, जे तो कुंदरू आय! ईमें गठान पड़ गई." आणि खात्री पटावी म्हणून टोपलीतून मूठभर कुंदरू काढून दाखवले.

कुंदरू म्हणजे आपली तोंडली. काकांच्या घरी मंगळवारी त्याचीच भाजी झाली होती.

आधी एकजण हसला, मग सगळे. वाईट मनाने नाही, पण हसले. काकांनी प्राध्यापिकेकडे पाहिलं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मा ठीक कह रही हैं, अंकल."

काका म्हणाले, "रिजेक्ट." सुतळी सोडली, हाताभोवती नीट गुंडाळली, पाटी काखेत मारली आणि आत गेले.

प्राध्यापिकेला फार वाईट वाटलं. तिथेच उभ्या राहून त्या काकूंना आणि मला सांगत राहिल्या, की ही गाठ साधी नसते, एक बारीक माशी दांड्यात अंडी घालते आणि मग वेलच तिथे फुगतो. "एक बार काटकर देखिएगा," निघताना म्हणाल्या. पोहे त्यांनी उभ्यानेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी भिंग खुंटीवर आणि रजिस्टर कपाटात. काका दिवसभर टीव्हीवर बातम्या पाहायचे. एकच बातमी चार वेळा. गल्लीत कुणीतरी 'काय कुंदरू काका' अशी हाक मारली, ती त्यांनी ऐकली. दूधवाल्याने मला विचारलं, "दादा की तबियत खराब है का?" खडूचे गोल पुसट होत चालले. टोटकावाल्या बाईंनी एक आपल्या हाताने पुन्हा काढला, पण नंबर त्यांना आठवेना.

चौथ्या संध्याकाळी मी खाली बसले होते. काका टीव्हीकडे पाहतच म्हणाले, "आठवड्यातून एकदा खातो मी ती भाजी. आणि वेल ओळखू आला नाही. गल्लीत एवढी माणसं. कोणालाच कसं कळलं नाही?"

काकूंनी हातातली मेथी खाली ठेवली. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

काकांनी टीव्ही बंद केला.

"दीक्षितपुऱ्यात माझ्या माहेरी परसात हाच वेल होता. पहिल्याच दिवशी ओळखला मी."

"मग काहून नाही बोलली?"

"तुम्ही जिन्यावरून धावत आले होते." काकू मेथीच्या काड्या गोळा करू लागल्या. "तुम्हाला धावताना मी किती वर्षांनी पाहून राहिले होते. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. मग उद्याचा. मग तुम्ही पुस्तक आणलं, चिठ्ठी पाठवली. तेव्हा मग सांगायची हिंमतच नाही झाली."

"चार लोकांत हसू झालं माझं."

"झालं. माझ्यामुळे झालं."

काकांनी हातातला रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझ्यापासून कोणी माल लपवला नव्हता." आणि उठून आत गेले. मीही वर आले.

सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते तेव्हा खाली काकू दिसल्या. एका हातात भाजीची सुरी, दुसऱ्या हातात खुंटीवरचं ते भिंग. नाडी मनगटाला गुंडाळलेली. त्यांनी वेलाची एक गाठ कापली, बटाटा कापावा तशी, आणि भिंग डोळ्याला लावलं. आधी ते उलटं धरलं, मग सुलटं. आणि मग मोठ्याने हाक मारली.

"अहो! बाहेर या! इथं कोणीतरी राहून राहिलं आहे!"

त्यांनी खिडकीच्या दिशेने तोंड वळवलं.

"नाव मला माहीत होतं, खरं आहे. पण हे मला पण नव्हतं माहीत! आईशपथ, खोल्या आहेत हो आत!"

थोड्या वेळाने काका आले. अनवाणी, बनियनवर. मीही जिना उतरले. गाठीच्या आत खरंच खोल्या होत्या, छोट्याछोट्या पोकळ्या, आणि एकेकीत तिळाहूनही लहान, नारिंगी रंगाची अळी. एक अळी वळवळली. काकांनी काकूंच्या हातातली सुरी घेतली, दुसरी गाठ कापली. "इथं पाच आहेत. एका खोलीत एकच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हा कुंदरू यांना घर बांधून देऊन राहिला?" मग काकूंकडे वळले. नुसतं म्हणाले, "रजिस्टर आण."

काकूंनी रजिस्टर आणलं आणि उघडून स्वतःच लिहायला बसल्या. काका सांगत गेले. एकसष्ट नंबरसमोर त्यांनी आधी नाव लिहायला लावलं. 'कुंदरू.' मग कंसात, 'ओळखला सौ. ने.'

गाठी असलेल्या चार काड्या काकूंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेल्या. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोज सकाळी दोघं ती उजेडाकडे धरून पाहायचे. प्राध्यापिकेला काकांनी फोन केला. झालं गेलं काही काढलं नाही, सरळ विचारलं, "किती दिवस लागतात?" त्यांनाही नक्की सांगता येईना. "आपही बताइएगा, अंकल," त्या म्हणाल्या. याचा काकांना केवढा आनंद झाला! पनागरची अम्मा आली की तीही बरणीत डोकावून जायची आणि "अबै नईं निकरी?" विचारायची.

अकराव्या दिवशी मी साडेनऊला जिना उतरत होते. पर्स खांद्याला, हातात डबा. स्वयंपाकघरातून काकूंची किंकाळी आली. धावत गेले तर मलमलीच्या आतल्या बाजूला एक इवलीशी माशी बसली होती, डासापेक्षाही नाजूक, लांब पायांची. ओले पंख हळूहळू सरळ करत होती. काकूंनी भिंग डोळ्याला लावलं होतं आणि त्या हलत नव्हत्या. मागे काका, बोटांची चाळवाचाळव करत.

"काय दिसून राहिलं? पंख किती? अगं, सांग तरी काही!"

"थांबा हो," काकू म्हणाल्या. डोळा त्यांनी काढला नाही. "मला आधी नीट पाहू द्या."

काका हात मागे बांधून उभे राहिले. मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या मागे जाऊन थांबले. ऑफिसला त्या दिवशी चांगलाच उशीर झाला.